देसूरला गाडी का थांबायची, आणि पुढे का थांबेल?

बेळगाव-बेंगळूर वंदे भारत १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली. आठवड्यातला एखादा दिवस सोडला तर पहाटे ती बेळगावजवळच्या छोट्याशा देसूर स्टेशनातून जाते. जाते म्हणजे नुसती जाते. माझा आत्तेभाऊ देसूरजवळ शेती करतो. एकदा त्याच्याकडे मुक्कामाला असताना दूध घालायला त्याच्याबरोबर गेलो होतो. स्टेशनाच्या बाजूला मोटरसायकल उभी, दोन्हीकडे किटल्या लटकलेल्या. आधी रुळांची बारीक झिणझिण ऐकू आली, फलाटावरचं कुत्रं उठून बाजूला झालं, आणि उजेडाच्या खिडक्यांची एक माळ सपकन निघून गेली. मागे कागदाचा एक कपटा बराच वेळ उडत राहिला. भाऊ म्हणाला, "गेली बघ. तिला देसूर म्हणून गाव आहे हे ठाऊक तरी असेल काय?"

गेली काही वर्षं आमच्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर देसूरचं नाव वारंवार येतं. देसूर जंक्शन होणार. खानापूर-बेळगाव लोकल सुरू होणार. जमिनी जाणार. वंदे भारतला थांबा मिळणार. यातलं काय कशावर अवलंबून आहे, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. त्यासाठी सुरुवात अगदी बाळबोध प्रश्नापासून करावी लागेल.

स्टेशन कशासाठी असतं?

प्रवाशांसाठी, असं आपण चटकन म्हणतो. देसूर, इदलहोंड, गुंजी यांसारख्या छोट्या स्टेशनांच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे.

ऊसतोडीच्या दिवसांत शिवारातल्या अरुंद रस्त्यावर उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या समोरासमोर आल्या की काय होतं, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. दोघंही हटत नाहीत, शिव्या होतात, शेवटी एकाला मागे जाऊन रस्ता रुंद आहे तिथे कडेला थांबावं लागतं. मग दुसरी ट्रॉली जाते. रेल्वेचा एकेरी मार्ग, म्हणजे येण्या-जाण्याला मिळून एकच रूळजोडी, हा असाच अरुंद रस्ता आहे. फरक एवढाच की आगगाडीला मागे घेत बसता येत नाही. म्हणून दर आठ-दहा किलोमीटरवर एक रुंद जागा आधीच करून ठेवायची, जिथे मुख्य रुळाच्या शेजारी आणखी एक रूळ असेल, एक गाडी तिथे बाजूला उभी राहील आणि समोरची निघून जाईल. याला क्रॉसिंग म्हणतात. त्या बाजूच्या रुळाला लूप म्हणतात. आणि त्या रुंद जागेला आपण स्टेशन म्हणतो.

दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडायची, हा रेल्वेचा मूळ धर्म. तो पाळण्यासाठी जुनी युक्ती फार सुंदर होती. दोन्ही स्टेशनांत एकेक यंत्र, मधून तारेने जोडलेलं. त्यात लोखंडी गोळे. एका यंत्रातून एक गोळा बाहेर काढला की दोन्ही यंत्रं कुलूपबंद. तो गोळा ज्या ड्रायव्हरच्या हातात, त्यालाच त्या तुकड्यात शिरायचा हक्क. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला अडकवलेली. फलाटाच्या टोकाला रेल्वेचा माणूस ते कडं हात उंच करून धरायचा आणि न थांबणाऱ्या गाडीच्या इंजिनातला माणूस वाकून त्यात हात घालून ते खांद्यावर ओढून घ्यायचा. त्याच क्षणी मागच्या तुकड्याचं कडं खाली फेकायचा. लहानपणी हे पाहिलेला माणूस ते कधी विसरत नाही.

तर मुद्दा असा, की छोटं स्टेशन मुळात गाड्यांच्या सोयीसाठी होतं. वाफेच्या इंजिनांच्या काळात त्यात इंजिनाला पाणी घेण्याची भर. गाडी नाहीतरी थांबणारच आहे, मग चार माणसं चढली-उतरली तर काय बिघडलं, असा तो हिशोब. देसूरच्या फलाटावर वीस-वीस मिनिटं खोळंबलेल्या पॅसेंजरला लोक शिव्या देत, पण गाडी खोळंबत होती म्हणूनच देसूरला ती मिळत होती.

रूळ आले ते दुष्काळ आणि बंदरामुळे

रेल्वे यायच्या आधी बेळगावचा माल आंबोली घाटातून वेंगुर्ल्याच्या बंदरावर बैलगाड्यांनी उतरायचा. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ दख्खनवर आला. धान्य वेळेत पोचवायला रस्ता नाही, हे सरकारला तेव्हा ढळढळीत दिसलं. त्यानंतर १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी निघाली. तिचं मुख्य ठाणं धारवाडला होतं. त्याच दशकात गोव्यात पोर्तुगिजांच्या मुलखातून मार्मागोवा बंदर ते कॅसलरॉक असा मार्ग होत होता, आणि त्याला जोडून कॅसलरॉकच्या पुढच्या लोंड्याहून एक फाटा हुबळीकडे, एक बेळगाव-मिरजमार्गे पुण्याकडे गेला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर बंदर होतं, पुणं होतं. बेळगावहून धारवाडला सरळ जाणं त्यांच्या खिजगणतीत नव्हतं. म्हणून आजही रेल्वेने धारवाडला जाताना आधी दक्षिणेला लोंड्याच्या जंगलात उतरायचं आणि मग पुन्हा पूर्वेला वर यायचं, असा सुमारे १२१ किलोमीटरचा वळसा पडतो. टिळकवाडीहून शहापूरला जायला निघालेल्या माणसाने कॅम्प फिरून यावं तसं.

हा सगळा मार्ग मीटर गेज होता, म्हणजे दोन रुळांतलं अंतर १,००० मिलिमीटर. मुंबईकडचा ब्रॉड गेज १,६७६ मिलिमीटरचा. डबे एकावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नाहीत, म्हणून पूर्वी मुंबईला जाणाऱ्याला पुण्यात गाडी बदलावी लागे. १९७१ मध्ये पुणे-मिरज ब्रॉड गेज झाला आणि बदलायचं ठिकाण मिरजेला आलं. मिरजेच्या फलाटावर ट्रंका, वळकट्या, कुंद्याचे डबे सांभाळत एका गाडीतून दुसऱ्या गाडीकडे धावणं ही बेळगावच्या दोन पिढ्यांची सामायिक आठवण आहे. १९९० च्या दशकात मिरज-लोंडा ब्रॉड गेज झाला तेव्हा ती धावपळ संपली.

मालक आणि पाट्या बदलत गेल्या. १९०८ मध्ये मद्रास अँड सदर्न मराठा, १९५१ ला दक्षिण रेल्वे, १९६६ ला दक्षिण मध्य, आणि १ एप्रिल २००३ पासून हुबळीचं मुख्यालय असलेली नैऋत्य रेल्वे. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ ला, रूळ जागेवरच राहिले आणि त्यांच्याखालचं राज्य बदललं. ते दुःख इथल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको आणि या लेखाचा तो विषयही नाही. पण देसूरच्या पाटीपाशी उभं राहिलं की एक गंमत जाणवते. नियमाप्रमाणे पाटीवर कन्नड, हिंदी, इंग्रजी. त्यातलं देवनागरी 'देसूर' हिंदीच्या नावाने आहे. आम्ही मात्र ते आपलंच समजून वाचतो.

(जाता जाता: चिकोडी रोड, गोकाक रोड अशी स्टेशनं याच मार्गावर आहेत. नावात 'रोड' असलं की समजायचं, गाव लांब आहे, इथून पुढे रस्त्याने जा. नवख्या माणसाला ही रेल्वेने दिलेली प्रामाणिक सूचना आहे.)

दुसरा रूळ आला आणि स्टेशनचं जुनं काम गेलं

२७ फेब्रुवारी २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते दोन गोष्टींचं लोकार्पण झालं. सुमारे १९० कोटी खर्चून नव्याने बांधलेलं बेळगाव स्टेशन, आणि सुमारे ९३० कोटींचं लोंडा-बेळगाव-घटप्रभा दुहेरीकरण. बातम्यांत स्टेशनच्या इमारतीचे फोटो आले. देसूरच्या दृष्टीने मोठी गोष्ट दुसरी होती.

दुहेरीकरण म्हणजे जाण्याला एक रूळजोडी, येण्याला दुसरी. शिवारातला अरुंद रस्ता दुपदरी झाला. आता समोरून येणाऱ्यासाठी कडेला थांबायचं कारणच उरलं नाही. मागून वेगवान गाडी आली तर तिला पुढे काढून देण्यापुरता लूप लागतो, तेवढाच. गाड्या वेळेवर धावू लागतात, जास्त धावू लागतात, आणि छोट्या स्टेशनात थांबत नाहीत. यात विरोधाभास वाटला तरी तो नाही. जी खोळंबण्याची अडचण दूर झाली, तिच्याच पोटी देसूरचा थांबा जन्मला होता.

शहरात हाच बदल वेगळ्या तऱ्हेने दिसतो. टिळकवाडीत काँग्रेस रोडला समांतर रूळ जातात आणि त्यावरची फाटकं आम्ही नावाने ओळखत नाही, आकड्याने ओळखतो: पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. पत्ता सांगतानाही "दुसऱ्या गेटाच्या अलीकडे" एवढं पुरतं. शाळेत जाताना गेट पडलं की सायकली एकमेकींत अडकायच्या, मालगाडीचे डबे मोजायचे, चाळीसच्या पुढे आकडा चुकायचा. गाड्या वाढल्या तशी गेटं जास्त वेळा पडू लागली, म्हणून मग उड्डाणपूल आले, आणि त्यांच्या खड्ड्यांवर आता गेटापेक्षा जास्त चर्चा होते.

म्हणजे छोट्या स्टेशनाला आता जगायचं असेल तर त्याला नवं कारण लागणार. गाड्यांची गरज संपली. उरला प्रवासी. तो आहे का, किती आहे, आणि त्याच्यासाठी कुठली गाडी थांबवायची, हा पुढचा प्रश्न.

"मग वंदे भारतच थांबवा की देसूरला!"

ही मागणी भावनेने समजते. हिशोबाने नाही. ताशी शंभरच्या वेगाने चाललेली गाडी मिनिटाला दीड किलोमीटरहून जास्त पळते. ती थांबवायची म्हणजे आधी दोन-तीन किलोमीटरपासून वेग कमी करत आणायचा, मिनिटभर थांबायचं, आणि पुन्हा वेग पकडायला तेवढंच अंतर घालवायचं. फलाटावर थांबा एक मिनिटाचा, पण वेळ जातो चार-पाच मिनिटांचा. बेळगाव-बेंगळूर अंतर सहाशे किलोमीटरच्या वर. प्रत्येक छोट्या स्टेशनाने एक थांबा मागितला तर ती गाडी वंदे भारत न राहता पॅसेंजर होईल, आणि भाडं मात्र वंदे भारतचंच राहील.

शिवाय देसूरच्या माणसाला रोज बेंगळूरला जायचं नसतं. त्याला जायचं असतं बेळगावला. कांदा-बटाट्याच्या बाजाराला, कोर्टात, दवाखान्यात, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पहिल्या पाळीला. त्याची गाडी वेगळी असायला हवी. हुबळी-पुणे वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून बेळगाववरून धावते. तिचाही देसूरला तेवढाच उपयोग.

लोकल म्हणजे काय, आणि ती बेळगावला शोभते का?

लोकल म्हटलं की डोळ्यासमोर मुंबई येते. तिथे १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली, १९२५ मध्ये विजेवरची आली, आणि उपनगरं रुळांच्या कडेने वाढत गेली. बेंगळूरला उपनगरी रेल्वेचा सुमारे १४८ किलोमीटरचा प्रकल्प मंजूर आहे, २०२२ मध्ये पायाभरणी झाली, काम अजून चालू आहे. ही कोटीच्या घरातली शहरं. बेळगाव महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या आत होती. मुंबईसारखी लोकल इथे कुणी मागत असेल तर त्याने जरा पाणी प्यावं.

पण लोकलचा मथितार्थ गर्दी हा नाहीच. ठरलेल्या वेळी, दिवसातून पुरेशा वेळा, जवळजवळच्या ठिकाणी थांबणारी स्वस्त गाडी, एवढाच आहे. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन फेऱ्या लोंडा ते बेळगाव झाल्या तरी खानापूर तालुक्याचं अर्धं जगणं बदलेल.

यासाठी योग्य गाडी म्हणजे मेमू. साध्या गाडीत एक इंजिन सगळे डबे ओढतं, मोठ्या बैलजोडीने जड गाडा ओढावा तसं. मेमूत काही ठरावीक डब्यांखालीच मोटारी असतात, म्हणून ती झटकन वेग घेते, आणि दोन्ही टोकांना ड्रायव्हरची खोली असल्याने शेवटच्या स्टेशनात इंजिन इकडून तिकडे फिरवत बसावं लागत नाही. दर आठ किलोमीटरला थांबायचं तर अशीच गाडी परवडते. तिला लागते वीज, आणि या मार्गाचं विद्युतीकरण झालेलं आहे. म्हणजे रूळ आहेत, दुसरे रूळ आहेत, तारा आहेत. नाही ती गाडी.

अडचणी दोन आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली, बस. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास आहे. खानापूर-बेळगाव बसमध्ये चढून बघा, अर्ध्याहून जास्त बाईमाणसंच दिसतील. रेल्वे केंद्राची, तिथे ही सवलत लागू नाही. पॅसेंजरचं किमान भाडं दहा रुपये. कोविडनंतर पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेसचं बिरुद चिकटवून तेच किमान तीस केलं होतं, ते फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस पुन्हा दहावर आणलं. तरी फुकट आणि दहा यांत फरक आहेच. माझं मत असं की बाईसुद्धा नुसते पैसे मोजत नाही. दोन बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही म्हणून तिसरीची वाट बघत पिरनवाडीच्या स्टॉपवर जो पाऊण तास जातो, तोही तिच्या हिशोबात असतो.

दुसरी अडचण, स्टेशनपासून पुढचा रस्ता. बेळगाव स्टेशनावर उतरून उद्यमबागेत जायचं तर पुन्हा रिक्षा. कामगार बसचाच विचार करणार. उलट गाडी उद्यमबागेजवळच्या तिसऱ्या गेटाच्या आसपास एखाद्या हॉल्टवर थांबली तर? हॉल्ट म्हणजे सर्वांत साधं स्टेशन: एक फलाट, एक शेड, तिकीट विकायला कमिशनवर नेमलेला एजंट. लूप नाही, गाडीचा रूळ बदलून देणारा सांधेवाला नाही. असा एक हॉल्ट असता तर खानापूर, इदलहोंड, देसूरचा कामगार थेट कारखान्याच्या दाराजवळ उतरला असता. माझ्या मते लोकलच्या सगळ्या मागणीतली हीच कळीची गोष्ट आहे, आणि तीच कुणी मागत नाही. सगळे मागतात वंदे भारतचा थांबा.

 

देसूर जंक्शन: पाटी बदलेल, गाडी थांबेल का?

आता मघाच्या वळशाकडे येऊ. बेळगावहून कित्तूरमार्गे धारवाडला सरळ नवा मार्ग मंजूर आहे. लांबी सुमारे ७३ किलोमीटर. म्हणजे १२१ च्या जागी ७३. बेळगावचे खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना याला जोर मिळाला. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडने त्यांचं निधन झालं. तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे ९२७ कोटी होता. आराखड्यानुसार हा मार्ग देसूरजवळ सध्याच्या रुळांपासून फुटतो आणि के. के. कोप्प, हिरेबागेवाडी, एम. के. हुबळी, कित्तूर, तेगूर करत धारवाडकडे जातो.

जिथे रूळ तीन दिशांना जातात ते जंक्शन. त्या अर्थाने देसूर जंक्शन होईल, लोंड्यासारखं. पण जंक्शन हा शब्द रुळांबद्दल आहे, थांब्याबद्दल नाही. बेळगावहून धारवाडला निघालेली एक्सप्रेस देसूरच्या सांध्यावर जरा वेग कमी करेल आणि डावीकडे वळून निघून जाईल. थांबायचं तिला काहीच कारण नाही.

ज्याची चर्चा जवळपास होत नाही ते असं. आज हुबळी-बेंगळूरकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या खानापूर आणि लोंड्यावरून जातात. नवा मार्ग झाला की त्यातल्या बऱ्याच गाड्या देसूरहूनच वळतील, कारण जवळचा रस्ता असताना लांबून कोण जाईल? लोंड्याकडे उरतील त्या गोव्याच्या आणि केरळच्या गाड्या, गोवा एक्सप्रेस किंवा पूर्णा एक्सप्रेससारख्या, आणि मालगाड्या. ज्या मोजक्या एक्सप्रेसना आज खानापूरचा थांबा आहे, त्यांतल्याही काही निघून जातील. बेळगावचा फायदा तो खानापूरचा तोटा, असा हा मामला आहे.

म्हणूनच देसूरला महत्त्व येतं. खानापूरच्या माणसाला धारवाडला जायचं असेल तर तो लोंड्याच्या बाजूने उलटा जाईल, नाहीतर बेळगावपर्यंत येऊन पुन्हा मागे वळेल. देसूरला गाडी बदलता आली तर हे दोन्ही टळतं. पण त्यासाठी दोन्हीकडच्या काही गाड्या देसूरला थांबायला हव्यात, आणि एकमेकींच्या वेळा जुळायला हव्यात. मिरजेच्या फलाटावर आमच्या आजोबांनी केलं ते देसूरच्या फलाटावर नातवंडांनी करायचं, निदान दहा मिनिटांच्या आत.

"जमीन आमची, गाडी दुसऱ्याची"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देसूर, नंदीहळ्ळी, गर्लगुंजी या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी पिकाऊ जमीन वाचवून माळरानातून मार्ग न्या, अशी मागणी लावून धरली आहे. पिकाऊ जमिनीतून काढलेल्या हलगा-मच्छे बायपासचा अनुभव त्यांच्या डोळ्यासमोर आहे, बेळगावभोवतीच्या रिंगरोडची टांगती तलवार डोक्यावर आहे. एकाच माणसाच्या दोन एकरांवर तीन प्रकल्पांच्या रेघा, असं झालं की विकास हा शब्द ऐकूनच त्याच्या कपाळाला आठी पडते.

रेल्वे वळवता का येत नाही, याचं एक कारण तांत्रिक आहे. रस्ता चढ चढतो, वळणं घेतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून रेल्वेला शंभर मीटरमागे एखादा मीटर चढही जड जातो, आणि वेगवान गाडीला वळण मोठं लागतं, गाडीच्या खिडकीतून कळणारही नाही इतकं मोठं. त्यामुळे आखणीला मोकळीक कमी असते. कमी असते, नसते असं नाही. दोन-तीन पर्याय नेहमीच असतात, आणि प्रत्येकाचा खर्च व जाणारी पिकाऊ जमीन शेजारी शेजारी मांडून गावसभेत दाखवायला काय हरकत आहे?

भरपाईचं गणितही समजून घ्यावं. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात ग्रामीण जमिनीच्या बाजारभावाला एक ते दोनपर्यंतच्या आकड्याने गुणतात आणि येणाऱ्या रकमेएवढीच दिलासा रक्कम वर देतात. कागदावर हे भरघोस दिसतं. गोम 'बाजारभाव' या शब्दात आहे. तो ठरतो आसपासच्या नोंदणीकृत खरेदीखतांवरून, आणि मुद्रांक वाचवायला खरेदीखतात आपण सगळेच किंमत कमी लिहीत आलो. शेजाऱ्याने दहा वर्षांपूर्वी वाचवलेले पैसे आज आपल्या भरपाईतून वजा होतात.

आणखी एक गोष्ट मोजणीच्या कागदावर दिसत नाही. रेल्वेची पट्टी शेताच्या मधून गेली की घर एकीकडे, विहीर दुसरीकडे. नव्या मार्गांवर आता फाटकं देत नाहीत, भुयारी रस्ते देतात. आमच्याकडचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला विचारा, जुलैमध्ये त्या भुयारात बैल नेता येतो का. पाण्याचा निचरा कुठे होणार, कोण करणार, हे आखणी पक्की होण्याआधी लिहून घ्यायची गोष्ट आहे. आणि नोटीस मराठी वाचणाऱ्या माणसाला मराठीत कळली पाहिजे, हे मागणं राजकारणाचं नाही. हरकत घ्यायची मुदत नोटीस वाचता आली तरच वापरता येते.

मागणी करायची कुणाकडे, आणि कशाच्या जोरावर?

एक सीमा रेल्वेलाही आहे. मिरज मध्य रेल्वेत, पुणे विभागात. तिथून अलीकडचा आपला मार्ग नैऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागात. कोल्हापूर-बेळगाव अशी रोजची गाडी हवी असेल तर डबे कुणाचे, ड्रायव्हर कुणाचे, रात्री गाडी उभी कुठे करायची, हे दोन विभागांना बसून ठरवावं लागतं. लोंडा-बेळगाव गाडीला ही भानगड नाही, ती पूर्ण हुबळी विभागात आहे. म्हणून आधी ती मागावी, असं माझं सरळ म्हणणं आहे.

निवेदनं देऊन, फोटो काढून झाले की विभागीय कार्यालयात शेवटी एकच कागद उघडला जातो: या स्टेशनातून किती तिकिटं गेली. आणि इथे आपण मार खातो. एखादी पॅसेंजर थांबतेच, तिच्यात देसूरचा माणूस सकाळी घाईत चढतो, कधी तिकिटाविना. काढलंच तर संध्याकाळी बेळगावच्या खिडकीवर काढतो, कारण तिथे खिडकी मोठी आहे. तिकीट जिथून प्रवास सुरू होतो त्या स्टेशनाच्या खात्यात जमा होतं. म्हणजे सकाळचा प्रवास कुठेच लिहिला गेला नाही आणि संध्याकाळचा बेळगावच्या नावावर गेला. देसूरच्या रकान्यात शून्य.

आत्तेभावाला मी हे सांगितलं, तेव्हा तो दूध घालून परत निघाला होता. म्हणाला, "म्हणजे गाडी थांबत नाही म्हणून आम्ही तिकीट काढत नाही, आणि आम्ही तिकीट काढत नाही म्हणून गाडी थांबत नाही, असं म्हणूलालास तू?" मी हो म्हटलं. त्याने किक मारली. "मग पुढच्या आठवड्यापासून दहाचं तिकीट काढतो. सासूबाईंचं पण काढतो, त्यांना दर मंगळवारी दवाखाना आहे."